पलीकडून द्यायची ओ

आमच्या आईचे शब्द जायला लागले तेव्हा सगळ्यात आधी भांड्यांची नावं गेली. पातेलं गेलं, झारा गेला, मागोमाग डाव आणि परात. मग माणसांची नावं गेली. त्यात माझं आधी गेलं, भावाचं बऱ्याच उशिरा. लेक लाडका, त्याला काय करणार! सगळं असं एकेक जात असताना एक शब्द मात्र तिच्या तोंडात ठाण मांडून बसला. खोरं.

"त्या खोऱ्यात पानी साचलंय बघ," ती म्हणायची. मी जाऊन बघायची तर स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलेलं. "मला न्हाय खोऱ्यात उतरायचं," म्हणजे लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं नाही. उशीवर डोक्याचा खळगा पडला की ते खोरं. भातात वरणासाठी बोटांनी आळं करतो, ते खोरं. गोळी घ्यायला तळहात जरा दुमडला की तेही खोरंच.

आई जाऊन आता वर्ष होत आलं, म्हणून हे मी शांतपणे लिहू शकते. तेव्हा मी शांत वगैरे काही नव्हते. मी लग्न केलं नाही, नोकरी संपल्यावर आईबरोबर विरारच्या या फ्लॅटमध्ये राहिले, आणि मालिकेत आईची सेवा करणाऱ्या सोशिक मुली दाखवतात तसल्यांपैकी मी नव्हे. "कसलं खोरं? नीट बोल की!" म्हणून माझा आवाज चढायचा. डॉक्टर म्हणाले, शब्द आठवला नाही की माणूस हाताशी असेल तो शब्द वापरतं, लक्ष देऊ नका. पण पुढंपुढं माझ्या ध्यानात आलं की ती चुकत नव्हती. दोन बाजू उंच आणि मध्ये खोलगट असेल तेच खोरं. सपाट वस्तूला तिनं एकदाही खोरं म्हटलं नाही. टेबलाला तर काही म्हणायचीच नाही बिचारी, नुसती हात आपटून दाखवायची.

शब्द तसा जुना. आमच्या वडिलांचं म्हणणं, नदी म्हणजे देवाच्या हातातलं खोरं, आपण माती ओढायला घेतो तसलं. देवानं ते डोंगरातून ओढलं आणि जी घळ पडली तिलाही माणसं खोरंच म्हणायला लागली. वडील हे असं सांगायचे की ओढताना जणू हे टोपली घेऊन शेजारीच उभे होते. मी एकदा वाचनालयात जाऊन मोठा शब्दकोश उघडून बसले. खोल, खोदणं, कोरणं, खोरं, सगळी एकाच आळीतली वाटत होती, पण सख्खी की चुलत ते काही ठरेना. भांडखोरातलं 'खोर' मात्र परकं निघालं, ते फारशीतून आलेलं. घरी येऊन हे आईला सांगितलं. तेव्हा ती चांगली तल्लख होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हंजे तू फारशीतली व्हय? तरीच!"

पाटबंधाऱ्याच्या साहेबांचं खोरं फार मोठं असतं. एक अख्खी नदी, तिला मिळणाऱ्या सगळ्या लहानमोठ्या नद्या, चार-दोन जिल्हे, एवढं सगळं मिळून त्यांचं एक खोरं होतं. आईचं खोरं एवढंसं होतं. समोरच्या डोंगरावर कुणी उभं राहिलं तर ती बाई आहे की बाप्या, हे इकडून कळावं एवढं. त्याला दोन अंगं, अल्याडचं आणि पल्याडचं, आणि तळाशी ओढा. "खोरं भरलं" म्हणजे धुकं दाटलं. "खोरं तुटलं" म्हणजे ओढ्याला पाणी आलं, आता येणंजाणं बंद. "सगळं खोरं आलं हुतं" म्हणजे लग्न दणक्यात झालं. पोरगी खोऱ्यात दिली तर सुखात दिली म्हणायचं, खोऱ्याबाहेर दिली की आयाबाया पदरानं डोळे पुसायच्या. आणि "तुझं खोरं उठंल" ही सगळ्यांत वाईट शिवी. बायका फार चिडल्या तरच ती द्यायच्या, आणि दिल्यावर स्वतःच तोंडावर हात ठेवायच्या.

धरण झालं आणि ती शिवी सगळ्यांनाच लागली. आईचं लग्न होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. तिची धाकटी बहीण पल्याडच्या अंगाला दिलेली होती. अल्याडची गावं उचलून खाली कोकणपट्टीत आणून टाकली, पल्याडची पार सोलापूरकडच्या माळावर. वडिलांनी मुंबईत नोकरी धरली, मग विरारला एक खोली, मग पुष्कळ वर्षांनी हा फ्लॅट. मावशी माळावरच राहिली. दोघी पुढं भेटल्या त्या कुणाच्या तरी लग्नात नाहीतर तेराव्याला, आणि दर वेळी निघताना अशा रडायच्या की बघणाऱ्याला वाटावं आणखी कुणीतरी गेलं.

मला लहानपणी या रडण्याचा राग यायचा. एवढं काय? पत्र आहे, एसटी आहे, नंतर तर फोन आला. पण त्यांना बोलायची सवय वेगळीच होती. खोऱ्यात समोरच्या घरी जायचं म्हटलं तर अर्धा दिवस मोडायचा. खाली उतरा, ओढा ओलांडा, परत चढा. त्यामुळं माणसं हाकेवर बोलायची. त्या हाकेचेही कायदे होते. हाकेत नाव घ्यायचं नाही, वाऱ्यावर नाव सोडू नये म्हणून. बहिणी एकमेकींना 'बये' म्हणायच्या. हाक दिली की गप्प उभं राहायचं, पलीकडून 'ओ' आल्याशिवाय निरोप बोलायचा नाही. आणि हाक ज्याच्या कानावर पडेल त्यानं ओ द्यायचीच, हाक त्याच्यासाठी नसली तरीही. मग ज्याला हवं त्याला त्यानं बोलावून आणायचं. ओ न देता हाक तशीच सोडली तर ती खोऱ्यात भटकत राहते आणि हाक मारणाऱ्याचा पाय घरात वळू देत नाही, असं तिकडं म्हणत. आई हे हसत सांगायची. पण तिच्या हाकेला आम्ही ओ दिली नाही तर पाठीत धपाटा ठरलेला.

या दोघी बहिणी रोज दिवस कलताना बोलायच्या. काय बोलायचात गं, असं मी एकदा विचारलं. "काय न्हाय. काय रांधलं, म्हस याली का, सासू काय बोलली." वडील म्हणायचे, यांच्यामुळं अल्याडच्या सासूला पल्याडच्या सासूच्या घरातलं मीठमिरचीसुद्धा ठाऊक असायचं. आणि माझा आवाज मावशीचा, हे तर आई पहिल्यापासून सांगायची. "त्वांड उघाडलंस की तीच," म्हणायची आणि मग उगीच मला काहीतरी बोलायला लावायची. मावशी गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आई तेव्हा धडधाकट होती, माळावर जाऊन दिवस करून आली होती.

आमच्या गॅलरीसमोर दुसरी इमारत आहे. मध्ये आमचं पार्किंग, मग रस्ता, मग त्यांचं पार्किंग. अर्नाळ्याच्या बाजूचा वारा या दोन इमारतींच्या मधून असा घुसतो की दोरीवरच्या कपड्यांना दोन-दोन चिमटे लावावे लागतात. आई संध्याकाळी तिथं खुर्चीत बसायची. "ह्या खोऱ्याला वारं लई," म्हणायची, आणि मीही हो म्हणायची, कारण ते खरंच होतं. एका संध्याकाळी मी आत कणीक मळत होते, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"बयेऽऽ! ए बयेऽऽ!"

एवढा आवाज तिच्यात शिल्लक असेल असं मला वाटलंच नव्हतं. दोन घोट पाणी प्यायची तर धाप लागायची तिला. मी कणकेच्या हातानं धावले. ती कठडा धरून उभी, मान पुढे काढून समोरच्या इमारतीकडे बघत होती. खालचा वॉचमन खुर्चीवरून उठून वर बघत होता. तिनं परत हाक दिली, परत गप्प उभी राहिली. मी तिला धरून आत आणायला गेले तर माझा हात झटकून म्हणाली, "ओ आल्याबिगर कसं जायाचं?"

मग रोज तेच सुरू झालं. दिवस कलला की ती उठायची, हाका मारायची, वाट बघायची. अंधार पडला तरी आत येईना, जेवेना. अंगावर तिच्या मांस मुळात नव्हतंच, त्यात ती अशी उतरायला लागली की आंघोळ घालताना माझा जीव घाबरा व्हायचा. डॉक्टरांनी गोळी दिली. ती दिली की तोंडातून लाळ गाळत पडून राहायची, म्हणून मी ती गोळी कचऱ्यात टाकली. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "प्लीज आंटी को समझाइए, बहुत डिस्टर्ब होता है." मी उलट लिहिलं, तुम्हीच येऊन समजवा, चहा करते. कुणी आलं नाही.

एकदा मी तिला सरळ सांगितलं, "आई, मावशी गेली गं. किती वर्षं झाली." ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि मग अशी रडली, अशी रडली, की जणू बातमी आत्ताच आली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा कठड्यापाशी उभी. मी तो विषय परत काढला नाही. तेच दुःख तिला रोज ताजं वाढायचं म्हणजे काय?

मग मी मागे उभं राहून "ओऽऽ" दिली. गर्रकन वळली माझ्याकडं.

"तू कशापायी ओ देतीस? अल्याडची हाक अल्याडच्यानं घ्यायची व्हय? येडी का खुळी!"

भाऊ नायगावला राहतो. त्याला फार डोकं चालवायची हौस. तो म्हणाला, मी फोन करतो, तू स्पीकर लाव. त्यानं बारीक बायकी आवाज काढून फोनवरून "ओऽऽ" केलं. आईनं मोबाइलकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्यो कोण मेला रडतोय?" आम्ही दोघंही हसलो, तो तिकडे आणि मी इकडे. बऱ्याच दिवसांनी हसलो होतो. पण आई त्याही दिवशी जेवली नाही.

शेवटी एका दुपारी आईला शेजारणीवर सोपवून मी समोरच्या इमारतीत गेले. इतकी वर्षं समोर राहून मी त्या जिन्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. आमच्या गॅलरीच्या बरोबर समोरच्या दाराची बेल वाजवली. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या एक बाई होत्या, मूळच्या इथल्याच, जवळच्या वटार गावच्या. आत फोनवर कुणाशी तरी घरच्या बोलीत बोलत होत्या, मला बघून फोन ठेवला आणि शुद्ध भाषेत या बसा म्हणाल्या. मी काय सांगायचं ते कसंबसं सांगितलं. सांगताना माझं मलाच ते येड्यासारखं वाटत होतं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रोज ऐकते मी. मला वाटायचं कुणाला तरी बोलावतायत, आणि ते माणूस किती उद्धट, साधी ओ देत नाही! एकदा तर मीच देणार होते. पण म्हटलं, दुसऱ्याची हाक आपण कशी घ्यावी?"

"आमच्यात घेतात," मी म्हटलं.

"बरं आहे तुमच्यात. आमच्याकडे ना डोंगर ना दरी. नुसत्या वाड्या आणि पुढे समुद्र." त्यांनी बशीत सुकेळी, त्यांच्याकडची वाळवलेली केळी, आणून ठेवली. "रविवारी या. गॅलरी तुमचीच समजा."

रविवारी भाऊ आईपाशी बसला आणि मी दिवस कलायच्या आधीच पलीकडे जाऊन उभी राहिले. ड्रेसची ओढणी डोक्यावरून नीट घेतली, कारण मावशीच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. आईला लांबचं धूसर दिसायचं, तरी पण. आपलं घर समोरून मी पहिल्यांदाच बघत होते. वाळत घातलेलं माझं फडकं, तुळस, आणि खुर्चीत आई. केवढीशी दिसत होती! घरात ती एवढी लहान वाटत नव्हती. तिला उठायचं झालं. भाऊ हात द्यायला पुढं आला, त्याला बाजूला सारून तिनं कठडा धरला.

"बयेऽऽ! ए बयेऽऽ!"

मी नुसती ओढणीच सावरत राहिले. मागून वटारच्या ताई म्हणाल्या, "अहो, द्या ना!"

"ओऽऽ!"

आईचं डोकं एकदम वर झालं. तिनं दोन्ही हात कठड्यावर ठेवले.

"कवाधरनं हाका मारतीया! कुटं मेली हुतीस?"

"रानात हुते!" मी ओरडले. आवाज कसा निघाला कोण जाणे, पण मावशीचाच निघाला.

"जेवलीस का?"

"जेवले! तू?"

"मला मिळतंय गं. हितं एक बाई हाय."

खालून एक रिक्षा गेली. ती जाईपर्यंत आई थांबली. तिला सवयच होती, खोऱ्यात अशीच वारा पडेपर्यंत थांबायची.

"लई करती माजं," ती म्हणाली. "न्हाऊ घालती, भरवती, डोस्कं इंचरती. तापट हाय जरा, सारखी वरडती. पर हात मऊ हायेत."

मावशीनं काय विचारलं असतं? "कोन हाय ती?" मी विचारलं.

"ठावं न्हाय. इचारलं न्हाय म्या, उगं तिला वाईट वाटायचं. पर बये, तिला आई नसावी गं. आई असती तर आईला टाकून माज्यापाशी कशाला ऱ्हायली असती? पोरकी हाय बिचारी."

ताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. समोर भाऊ आईच्या मागं उभा होता, तो तोंड फिरवून आत गेला. खाली वॉचमन मान वर करून ऐकत होता. दोन्ही इमारतींतल्या कितीतरी खिडक्यांत माणसं होती, आणि आई कुणासाठीही आवाज कमी करत नव्हती.

"माजं काय खरं न्हाय आता," ती म्हणाली. "मी गेल्यावं तिला तुज्याकडं ने. खोऱ्यात ठिव. एकली टाकू नगंस तिला. ऐकलंस का?"

आणि गप्प उभी राहिली.

मला ओ देता येईना. रडू आलं होतं म्हणून नाही, रडत तर मी मघापासूनच होते. मावशी नाही, खोरं नाही, मला घेऊन जाणारं जगात कुणी नाही, आणि आई गेली की मी खरोखरच तिनं म्हटलं तशी होणार होते. खोटी ओ कशी द्यायची? ती कठडा धरून वाट बघत राहिली. वाऱ्यानं तिचा पदर उडत होता. हळूहळू तिची मान खाली जायला लागली, रोज जायची तशी.

"ओऽऽ!" मी दिली. "नेते! मी नेते तिला!"

आईनं मान हलवली, पदर सावरला, आणि भावाला हाकसुद्धा न मारता आपली आपण आत गेली.

मी जिना उतरले, रस्ता ओलांडला, तोंड धुवायला सुद्धा थांबले नाही. दार उघडलं तर आई पाटावर बसावं तशी सोफ्यावर मांडी घालून बसलेली, आणि भाऊ रडून लाल झालेल्या डोळ्यांनी ताटं वाढत होता. ती म्हणाली, "आलीस? ये बाय, बस."

मी तिच्याशेजारी बसले. ती पोटभर जेवली. कितीतरी दिवसांनी माझ्या हाताची वाट न बघता आपल्या हातानं जेवली. मी जेवत नाही हे तिच्या लक्षात आलं. माझ्याकडं वाकली आणि भावाला ऐकू जाऊ नये अशी हळूच बोलली.

"काळजी करू नगंस. तुजं बोलले म्या पल्याड."

मग तिनं माझं ताट आपल्याकडं ओढलं, भातात बोटांनी खोरं केलं आणि त्यात वरण ओतलं.